पृथ्वीचा धडा

मंगळवारी सकाळी अकराला शाळेतून फोन आला. बायको सातवीच्या वर्गात शिकवत होती. ती खुर्चीवर बसली, मुलींना पाणी आणायला सांगितलं, आणि पाणी येण्याआधी गेली. मी पोचलो तेव्हा फळ्यावर सूर्य होता, त्याच्यापुढे तीन वर्तुळं होती, आणि मंगळ काढायचा राहिला होता.

तंजावूरच्या त्या मुलींच्या शाळेत ती अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवत होती. नोकरीची चार वर्षं उरली होती. फळ्यावरचा धडा दरवर्षी जुलैत यायचा. पृथ्वीवरच जीवसृष्टी का आहे, हा त्याचा विषय. पुस्तकात उत्तर दीड पानात दिलेलं आहे. सूर्यापासून योग्य अंतर, पाणी, हवा, बेताची उष्णता. परीक्षेत चार मुद्दे लिहिले की पूर्ण गुण. ती हे चार मुद्दे पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकायची आणि उरलेल्या तासात त्यांच्यावर शंका घ्यायला लावायची.

माझं आयुष्य एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. आमच्या लोकांना इथे येऊन तीनशे वर्षं होऊन गेली. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तिला देवनागरी येत नव्हती. मराठी लिहायची वेळ आली तर ती तमिळ अक्षरांत लिहायची, तिचे वडीलही तसंच लिहीत. मी देवनागरी शिकलो ती जुन्या कागदांच्या नादानं. म्हणून इथे लिहितो आहे ती मराठी पुस्तकांतून आलेली आहे. तिच्या तोंडची नाही.

त्या धड्यावरून आमचा दरवर्षी वाद व्हायचा. वाद म्हणजे ती बोलायची आणि मी मधूनमधून एखादं वाक्य टाकायचो. माझं म्हणणं असं की पृथ्वीसारखी दुसरी नाही. इतकं सगळं नेमकं जुळून येणं पुन्हा कुठे घडेल, हे मला पटत नाही. शुक्र आकारानं पृथ्वीएवढाच, पण तिथे शिसं वितळेल इतकी उष्णता. मंगळावर वाळलेली नदीपात्रं, नदी नाही. दुसऱ्या ताऱ्यांभोवती हजारो ग्रह सापडले, एकावरूनही कोणी उत्तर दिलेलं नाही.

"नेमकं जुळलं म्हणतां," ती म्हणायची. "पायातल्या चपला बघा तुमच्या. पाच वर्षं झाली. किती नेमक्या बसल्यात. घेतल्या तेव्हा?"

"चावत होत्या."

"मग?"

"चप्पल निर्जीव वस्तू आहे."

"पाय सजीव आहे की! दोघं बदलले. पृथ्वीचंही तसंच, हेच मी सांगतें."

तिचं म्हणणं एवढ्यावर थांबत नसे. आरंभी हवेत प्राणवायू नव्हताच. सूक्ष्म जिवांनी तो सोडला, कोट्यवधी वर्षं सोडत राहिले, आणि तेव्हाच्या बाकीच्या जिवांना तो विष ठरला. कितीतरी मेले. काही चिखलात खोल जाऊन बसले आणि अजून तिथे आहेत. लावणी संपली की ती मुलींना गावाबाहेरच्या भातशेतात न्यायची. काठीनं चिखल ढवळायला सांगायची. बुडबुडे वर आले की म्हणायची, "हे जुने मालक. आपली हवा यांना सोसत नाही. यांना विचारा पृथ्वी कशी आहे ते." मुली पाय चिखलानं भरून घेऊन परत यायच्या आणि पालकांच्या तक्रारी यायच्या. पुढच्या वर्षी ती पुन्हा न्यायची.

आमच्या लग्नाबद्दल लिहायला हवं, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

आमच्या लोकांची घरं मोजकी. तंजावूर, कुंभकोणम, सेलम, चेन्नईत काही. त्यांत गोत्र वेगळं हवं, वय जुळायला हवं, पत्रिका जुळायला हवी. इतक्या चाळण्या लावल्यावर माझ्यासाठी तीन मुली उरल्या. एकीला चेन्नई सोडायची नव्हती. दुसरीनं मला बघितलं आणि नाही म्हणाली. तिसरी ही, ओरत्तनाडूजवळच्या गावातली. छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले. शिवाय जन्म कोजागिरीचा. आमच्या आईला आकाश ठेंगणं झालं. दर कोजागिरीला ती गच्चीवर दूध ठेवायची आणि सुनेला ओवाळायची. आई गेल्यावर हे काम वैनींकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोकडे आलं. ओवाळून घेताना माझी बायको खाली बघून हसायची. मला वाटे, लाजते.

बत्तीस गुण ही आमच्या घराण्यात सांगायची गोष्ट झाली. कोणाच्याही लग्नाचं बोलणं निघालं की अण्णा, माझे थोरले भाऊ, माझ्याकडे बोट दाखवत. पत्रिका बघून केलं की असं होतं. कधी आवाज ऐकलात यांच्या घरातून?

आवाज नव्हता हे खरं. पहिली दोन वर्षं तर मी बोलतच नसे. जेवताना पुस्तक उघडं ठेवून जेवायचो. ती समोर बसून वाढायची, काहीतरी सांगायची, आणि मी पान उलटायचो. दुसऱ्या वर्षी दीपावलीला ती माहेरी गेली ती पोंगल आला तरी परतली नाही. मी बसनं गेलो. तिच्या भावानं मला केळीच्या बागेशी गाठलं आणि काही न बोलता घरात नेलं. ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती.

"जेवताना पुस्तक नोको," ती म्हणाली.

"सरि," मी कबूल झालो.

एवढंच बोलणं झालं आणि आम्ही दुपारच्या बसनं परत आलो. ही गोष्ट घराण्यात कोणी सांगत नाही. बत्तीस गुणांची सांगतात.

आम्हाला एक मुलगी. ती तिरुचीला नोकरी करते. तिच्या ऑफिसातला एक मुलगा तिला आवडला. तो आमच्यातलाच निघाला, सेलमच्या कुटुंबातला. बायको त्याला एकदा भेटून आली होती. मी विचारलं, कसा आहे. म्हणाली, "बरा आहे. ऐकतो." तिच्याकडून याहून मोठी प्रशस्ती मी ऐकलेली नाही. अण्णांशी आपण बोलायचं, तिमाही परीक्षा झाली की, असं तिनं ठरवलं होतं. जुलैतच ती गेली.

महिन्याचं कार्य झाल्यावर मी अण्णांकडे गेलो आणि मुलाबद्दल सांगितलं. अण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. वडिलांनंतर घरातला शब्द त्यांचा. पण प्रश्न नुसत्या शब्दाचा नव्हता. आमच्याकडे विधुर कन्यादानाला बसत नाही. मुलीच्या बाजूनं अण्णा आणि वैनीच बसणार. ते बसले नाहीत तर लग्न लागणार नाही, निदान आम्ही ज्याला लग्न म्हणतो तसं नाही.

अण्णांनी दोन्ही पत्रिका गुरुजींकडे पाठवल्या. अकरा गुण आले.

"अकरा," अण्णा म्हणाले. "अठरा तरी नोको का? परीक्षेत सुद्धा पस्तीसाला पास करतात."

"दोघांना एकमेकांचं पटतं, अण्णा."

"आता पटतं. तुझंच बघ. बत्तीस होते म्हणून कसं झालं. तू एक शब्द बोलत नाहीस, तरी ती सुखात राहिली. ते काय तुझ्या गुणांनी?"

मलाही ते तसंच वाटत होतं.

वर्ष सरायच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हाही रिवाज होता. मुलाच्या आईनं फोन केला. बाई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, आम्ही पत्रिका धरून बसत नाही, पण तुमच्याकडून नाही असेल तर आताच सांगा, मुलांना लोंबकळत ठेवू नये. मी मुलीला विचारलं. वाटलं होतं, ती रजिस्टर करू म्हणेल.

"तसं नाही करणार, अप्पा," ती म्हणाली. "मोठेअप्पांना दुखवून नाही. अम्माला मी तसं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, मी बोलतें त्यांच्याशी, तू चिंता करू नोको."

"आणि अण्णा नाहीच म्हणाले तर?"

ती म्हणाली, "तर नाही." आणि मला जेवलात का विचारलं.

सप्टेंबरात शाळेच्या मुख्याध्यापिकेचा निरोप आला. नव्या शिक्षिकेला त्या धड्याची टिपणं हवी होती. मुली विचारत होत्या म्हणे, धडा अर्धाच झाला. मी तिचं लोखंडी कपाट पहिल्यांदा उघडलं. टिपणांची वही खालच्या कप्प्यात होती. तिच्याखाली आणखी एक वही होती, कापडी पुठ्ठ्याची, माझ्या सासऱ्यांची.

सासरे शेती बघत. कालव्याला पाणी कधी आलं, लावणी कधी झाली, गाय कधी व्याली, सगळं ते या वहीत लिहीत. अक्षरं तमिळ, भाषा आमची. महिने मात्र तमिळ, कारण शेत आणि शाळा त्या महिन्यांनी चालतात. मी पानं उलटत गेलो आणि एका पानावर हे सापडलं. ऐप्पसी पंधरा. दुपारी पाऊस थांबला. दिवेलागणीला मुलगी झाली. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर. दोघी बऱ्या आहेत.

मी ते चार वेळा वाचलं. कोजागिरीला दिवेलागणीच्या वेळी पूर्वेला पूर्ण चंद्र उगवतो. पश्चिमेला कोर असेल तर ती पौर्णिमा नव्हे. अमावास्या होऊन तीन-चार दिवस झालेले असतात.

चूक कशी झाली हे समजायला मला वेळ लागला नाही. ही चूक आमच्याच लोकांना जमेल. आमच्या घरात दोन पंचांगं चालतात. शेतीला, शाळेला, देवळातल्या उत्सवांना तमिळ महिने, ते सूर्यावर मोजलेले. व्रतांना आणि श्राद्धांना मराठी महिने, ते चंद्रावर. लहानपणी आम्ही पाढ्यासारखं म्हणतो, चित्तिरै म्हणजे चैत्र, ऐप्पसी म्हणजे आश्विन. महिन्यापुरतं ते साधारण चालतं, दिवसाला चालत नाही. ऐप्पसीची पंधरावी म्हणजे महिना लागल्यापासूनचा पंधरावा दिवस, आकाशात चंद्र कसाही असो. सासऱ्यांनी दुसऱ्या गावच्या गुरुजींना पत्रानं "ऐप्पसी पंधरा" कळवलं असणार. गुरुजींनी पाढा म्हटला आणि आश्विनाची पंधरावी, म्हणजे पौर्णिमा धरली. महाराष्ट्रातल्या गुरुजींनी ऐप्पसी म्हणजे काय ते विचारून घेतलं असतं. तमिळ जोशाला आश्विनाची गरजच पडली नसती. आमच्या गुरुजींना दोन्ही येत होतं.

त्या नोंदीखाली पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. अक्षर बायकोचं. इंग्रजी तारीख काढली होती, वेळ घातली होती, आणि नक्षत्र लिहिलं होतं, केट्टै. आपण ज्येष्ठा म्हणतो ते. खाली हिशेब केला त्या दिवसाची तारीखही घातली होती. ती कुठल्याही कागदावर तारीख घालायची. आम्ही तिला बघायला गेलो त्यानंतर आठ दिवसांनी हे लिहिलेलं होतं. साखरपुडा अजून व्हायचा होता.

ज्येष्ठा नक्षत्रावरची मुलगी थोरल्या दिराच्या जिवाला बरी नाही, असं आमच्याकडे मानतात. अण्णा तिचे थोरले दीर. हे तेव्हा कळलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं. तिला ते ठाऊक होतं. ती बावीस-तेवीस वर्षांची होती, आणि गप्प राहिली.

मला आधी आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला लागलं. एकतीस वर्षं ती माझ्याशी सगळं बोलली, मी ऐकत नसलो तरी बोलली, आणि हे एवढं बोलली नाही. मग आठवलं की दीपावलीनंतर चार-पाच दिवसांनी घरात पायसम व्हायचं. मी विचारलं तर म्हणायची, दूध उरलं होतं. मी पुन्हा विचारलं नव्हतं. ती एकटी वाढदिवस करत होती, आणि मी समोर बसून पायसम खात होतो.

ते बत्तीस गुण चुकीच्या तिथीवरचे होते. वही अण्णांना दाखवली तर ते कदाचित ऐकतील, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण दाखवली तर तिचं नाव जाईल. आमच्यात गेलेल्या बाईबद्दल चांगलंच बोलतात, निदान वर्षभर. मी दाखवल्यावर ते म्हणतील, तिनं फसवलं. ती उत्तर द्यायला नव्हती. पेन्सिलीचं लिहिलेलं खोडता येतं, हेही माझ्या मनात आलं. मग नुसती गुरुजींची चूक उरली असती. मी खोडरबर शोधलं नाही, पण कुठे असेल ते आठवत बसलो, हे खरं आहे.

दहा-बारा दिवस मी काही केलं नाही. तिची टिपणं शाळेसाठी उतरवून काढत होतो. मूळ वही द्यायला मन होत नव्हतं. शिक्षकाची टिपणं विचित्र असतात. अर्धी वाक्यं, मधेच स्वतःला सूचना. एका पानावर होतं, "योग्य आहे? कोणासाठी? हे मुलींनी विचारेपर्यंत थांबणे. सांगू नये." दुसऱ्या एका पानावर, "आपल्याकडे उदाहरण एकच. एका उदाहरणावरून जीव दुर्मिळ आहे असंही म्हणता येत नाही, सोपा आहे असंही नाही. इतकंच म्हणता येतं की इथे झालं." मी ते उतरवलं आणि पेन खाली ठेवलं. अण्णांकडेही एकच उदाहरण होतं. ते उदाहरण म्हणजे मी आणि ती.

रविवारी सकाळी मी वही घेऊन अण्णांकडे गेलो. वैनींनी डबरा-टंबलरात, म्हणजे वाटी-पेल्यात, कॉफी आणून ठेवली.

"काय आणलास?" अण्णांनी विचारलं.

"तिच्या अप्पांची वही. हे पान वाचा."

अण्णांनी चष्मा पुसून वाचलं. "बरं लिहायचे. पाऊस सुद्धा लिहिलाय. मग?"

"कोर पश्चिमेला आहे, अण्णा."

"असेल."

"कोजागिरीला कोर कशी?" हे वैनी म्हणाल्या, स्वयंपाकघराच्या दारातून. इतकी वर्षं गच्चीवर दूध ठेवणाऱ्या त्या होत्या.

मी पंचांगांचा घोळ सांगितला. अण्णा पाटबंधारे खात्यात होते, त्यांना दोन वेळा सांगावं लागलं नाही. त्यांनी वही जवळ धरली. मग पेन्सिलीच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"केट्टै," त्यांनी वाचलं.

"अय्यो," वैनी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"केट्टै म्हणजे थोरल्या दिराला."

"हो."

"म्हणजे मला."

"हो, अण्णा."

"हे अक्षर कोणाचं? तिला ठाऊक होतं?"

मी नाही म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "हो. साखरपुड्याच्या आधीपासून."

"आणि एक शब्द बोलली नाही!" वैनींचा आवाज चढला. "तीस वरीस! मी तिला ओवाळत होतें, आणि ती ताटापुढे बसत होती! भावोजी, तुम्हाला तरी सांगितलं?"

"नाही."

"बघा! नवऱ्याला सुद्धा नाही!"

मी ज्याला भीत होतो ते हेच होतं. कॉफीवर साय धरली.

"मला काय झालं?" अण्णा म्हणाले.

"काय?" वैनी म्हणाल्या.

"विचारतों. ती घरात आली त्याला तीस वर्षं होऊन गेली. मला काय झालं?"

"गुडघे गेले की."

"गुडघे कालव्यांवर चालून गेले. ती यायच्या आधीपासून दुखतात."

"पित्ताची पिशवी काढली."

"ती तुझ्या वड्यांनी."

"दहा-दहा खा म्हणून मी सांगितलं होतं?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं," अण्णा म्हणाले, "तेव्हा महिनाभर शाळा सुटल्यावर येऊन मला पेपर कोण वाचलं?" ते माझ्याकडे वळले. "तू वाचलास?"

"नाही."

"तू आलास, आणि स्वतःचं पुस्तक काढून त्या कोपऱ्यात बसलास."

वैनींना हसू आलं आणि त्यांनी पदर तोंडावर धरला. तो बराच वेळ काढला नाही. मग म्हणाल्या, "तरी सांगायला पाहिजे होतं."

"कोणाला?"

"आपल्याला."

"सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं," अण्णा म्हणाले. "आई तयार झाली असती तरी मी नाही म्हटलं असतं. मला ठाऊक आहे मी." त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली. "म्हणजे तुम्हा दोघांचे गुण किती होते शेवटी?"

"मी काढले नाहीत," मी म्हणालो.

"काढू नोको." मग वही माझ्याकडे देत, "आणि त्या सेलमच्या मुलाचा जन्म कुठल्या पंचांगानं लिहिलाय? तो तरी नीट आहे का?"

इथे मला वाट दिसत होती. पण मी म्हणालो, "इस्पितळाचा दाखला आहे, अण्णा. तो बरोबर आहे. मुलीचाही."

"म्हणजे अकराच."

"अकराच."

वैनी अण्णांकडे बघत होत्या. "ती काय म्हणाली त्या मुलाबद्दल?" अण्णांनी विचारलं. ती म्हणजे कोण, हे विचारायला नको होतं.

"बरा आहे म्हणाली. ऐकतो म्हणाली."

"ऐकतो? मग तो तुझ्यापेक्षा बरा." ते वैनींना म्हणाले, "कॅलेंडर आण. तै महिन्यात मुहूर्त बघूं."

"मुहूर्त बघतांच की अजून!"

"मुहूर्त नोको म्हणालों का मी?"

लग्न तै महिन्यात, म्हणजे पोंगल झाल्यावर, झालं. कन्यादानाला अण्णा आणि वैनी बसले. गुडघ्यांमुळे अण्णांना पाट नको म्हणून खुर्ची दिली होती, ती त्यांनी बाजूला सारली, आणि मग उठताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. वैनी अजून अधूनमधून म्हणतात, सांगायला पाहिजे होतं. मी वाद घालत नाही. त्यांचंही खरं आहे.

पृथ्वीबद्दल माझं मत बदललेलं नाही. मला अजून वाटतं की अशी दुसरी नसेल. फरक इतकाच पडला आहे की पूर्वी मी म्हणायचो, ही आपल्यासाठी जुळून आली. आता तसं म्हणवत नाही. गावाबाहेर गेलो तर शेताच्या बांधावर थोडा वेळ उभा राहतो. चिखलात बुडबुडे येतात. ती असती तर मी काहीतरी बोललो असतो आणि तिनं ते खोडून काढलं असतं. ते सुख दुसऱ्या कोणाबरोबर मिळेल असं मला वाटत नाही, पण यालाही उदाहरण एकच आहे, आणि तिच्या नियमानं मला याहून जास्त बोलता येत नाही.

टिपणांची प्रत शाळेत आहे. दोन्ही वह्या माझ्याकडे आहेत. मुलगी आणि जावई तिरुचीला राहतात, महिन्यातून एकदा येतात. रविवारी अण्णा आणि वैनी येतात. बाकीचे दिवस घरात मी एकटा असतो.